आकाशगंगेतला काळा पट्टा

मुळशीचं धरण पुरं होत आलं होतं, सासऱ्यांचं गाव पाण्याखाली जाणार होतं. त्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही सासऱ्यांचं घर हलवायला गेलो. मी पुण्यातल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो आणि सुट्टी होती. बायको एकुलती एक, त्यामुळे दुसरं कुणी नव्हतंच. सासू आधीच गेलेली.

सासरे भांडत नव्हते, नुसते ओट्यावर बसून राहायचे. कौलं, वासे, दारं आम्ही दोघांनी उतरवून गाडीत भरली. त्यांनी हात लावला नाही की अडवलंही नाही. ते भांडले असते तर आम्ही कमी थकलो असतो.

मग चार भिंतीच उरल्या. भाकरी खाऊन तिघंही माजघरात आडवे झालो, तर वर उघडं आभाळ. चंद्र नव्हता. आकाशगंगा पश्चिमेला कलली होती आणि मधोमध ती दुभंगलेली दिसत होती.

तंबाखू मळता मळता सासऱ्यांनी विचारलं, "जावईबापू, तितं मधी चांदण्या का न्हाईत?"

दिवसभरात ते प्रथमच बोलले होते. अंग ठणकत होतं, तरी मी सांगत बसलो. पूर्वी लोक त्याला आभाळातलं भोक समजत, पण आता बरेच जण म्हणतात की ती धूळ आहे आणि मागच्या चांदण्या तिनं झाकल्यात. धूळ फार विरळ, म्हटल्यावर त्यांनी विचारलं, मग उजेड अडतो कसा? मी धरणावरच्या सुरुंगांच्या धुळीचं सांगितलं. ती धूळ अंगणात जाणवतही नाही, पण समोरचा डोंगर पुसट होतो. अंतर मोठं असलं की थोडी धूळही पुरते. चांदण्यांच्या मधे वायूही आहे, चुन्यात असतं ते कॅल्शियमही त्यात सापडलंय. चांदणी मागंपुढं हलते तशा, तिचा प्रकाश लोलकातून पाहिला की दिसणाऱ्या काळ्या रेघा सरकतात, पण कॅल्शियमची रेघ जागची हलत नाही. म्हणजे ती चांदणीची नव्हे, वाटेतल्या वायूची.

त्यांनी हातातल्या चुन्याच्या डबीकडे पाहिलं, डबी मिटली. मग म्हणाले, "मागं चांदण्या हायेत, खरं का?"

"आहेत, मामा."

"मंग ह्ये घर बी पान्याखाली असंच ऱ्हाईल?"

बायकोनं माझ्याकडे मान वळवली. ती काय मागत होती ते मला कळलं. पण दुसरं काही सुचण्याइतकं त्राण माझ्यात नव्हतं.

"नाही, मामा. मातीच्या भिंती आहेत. विरघळून जातील."

"व्हय," ते म्हणाले. "उद्या निघू."

सकाळी त्यांनी स्वतःच जातं उचलून गाडीत ठेवलं. रिहे गावात त्यांच्या चुलतभावाकडे जायचं होतं. वाटेत पौडला बैलांना पाणी दाखवायला थांबलो, तेव्हा सासरे गाडीतच झोपले होते. बायको हळूच म्हणाली, "घर राहील म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

बैल पाणी पीत होते. अजून बरीच वाट बाकी होती.