हो, मंदारला घेऊन मॅचला गेले होते

नवऱ्याच्या अस्थी मांडीवर घेऊन मी फुटबॉलची मॅच बघितली आहे.

परवा इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात पुन्हा कुजबुज झाली. "तीच ना ही, सुतकात स्टेडियममध्ये गेलेली?"

हो, तीच मी. इतकी वर्षं पाठीमागे बोलताय. आज मंदारचा स्मृतिदिन आहे, तर आज माझ्याकडूनच ऐका.

दोन हजारच्या आसपास आम्ही इथे जपानमध्ये आलो. तोयोसुला त्याचं ऑफिस, उरायासुला घर, बॅगेत प्रेशर कुकर. सगळ्या आयटीवाल्यांचं असतं तसंच.

बाकीचे रविवारी नदीकाठी क्रिकेट खेळायचे. मंदारला ऑफिसातल्या कुणीतरी फुटबॉलचं एक फुकट तिकीट दिलं आणि हा बाबा कामातून गेला.

टीम तरी कुठली धरावी? ट्रेनने तासाभरावरच्या एका छोट्या गावाची. कायम तळाला. वरच्या लीगमध्ये राहणार की खाली जाणार, हे दर वर्षी डिसेंबरातल्या शेवटच्या मॅचवर ठरायचं.

आणि दर वर्षी आमचं भांडण.

"मंदार, नोव्हेंबरअखेरची तिकिटं मिळतायत. पटकन बुक कर."

"लास्ट मॅच झाल्याशिवाय मी हलणार नाही."

"अरे, माझ्या मावसबहिणीचं लग्न आहे!"

"तिला म्हणावं, एक आठवडा थांब. आम्ही रेलिगेशन झोनमध्ये आहोत."

"आणि गोवा?"

"टीम वाचू दे. मग गोव्याच्या बीचवर नुसता आडवा पडून राहतो."

"त्याला गोवा कशाला? सोफ्यावर तेच करतोस."

त्या वर्षी वैतागून मीच हार मानली. शनिवारी लास्ट मॅच, रविवारी आमची फ्लाइट. स्वारी खूश.

आणि नोव्हेंबर संपता संपता मंदार गेला. ऑफिसात, डेस्कवरच. हार्ट अटॅक. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती त्याने.

अंत्यसंस्कार इथेच झाले. मग पुण्याहून माझ्या मोठ्या दिरांचा फोन आला.

"पेपर्स झाले ना सगळे? मग उद्याच्या फ्लाइटने निघ."

"दादा, रविवारची तिकिटं आहेतच. दहाव्याच्या आत पोचतेय मी. शनिवारी मंदारची मॅच आहे, ती बघून निघते."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

मागे अण्णा, माझे सासरे, बसलेले असणार. ते काहीच बोलले नाहीत. दादांच्या ओरडण्यापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली.

खरं सांगते, मी फक्त त्याचा मफलर घेऊन जाणार होते.

दारात बूट घातले आणि मागे बघितलं. टेबलावर अस्थींची पेटी होती, इथल्या पद्धतीप्रमाणे पांढऱ्या कापडात गुंडाळलेली.

त्याला घरात एकट्याला ठेवून त्याच्याच टीमची मॅच बघायला जायचं? नाही जमलं मला. उचलली पेटी.

स्टेडियमच्या गेटवर बॅगा तपासतात. कॅन आत नेऊ देत नाहीत. मंदार दर वेळी कोनबिनीतून, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानातून, गरम कॉफीचा कॅन घ्यायचा, दर वेळी पकडला जायचा आणि तिथेच कागदी कपात ओतून घ्यायचा.

त्या दिवशी गेटवरच्या मुलीने पांढरी पेटी बघितली. ती कशाची आहे, हे जपानमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. तिने काही उघडायला लावलं नाही. नुसती खाली वाकली आणि बाजूला झाली.

मंदार पहिल्यांदाच न पकडला जाता आत गेला.

शेजारच्या सीटवर नेहमीचे आजोबा होते. सीझन तिकीटवाले, मंदारचे कित्येक वर्षांचे शेजारी. त्यांनी टोपी काढली. माझ्याकडे नाही, पेटीकडे बघून ते जपानीत म्हणाले, "आलास होय? छान झालं."

तोपर्यंत मी रडले नव्हते. तिथे रडले. हमसून हमसून.

मॅच बरोबरीत सुटली असती तरी चाललं असतं. पण अगदी शेवटी गोल खाल्ला. मी ताडकन उभी राहिले आणि रेफरीला अस्सल मराठीत एक शिवी हासडली.

सुतकातल्या बाईने शिवी द्यावी का? दिली. त्याला ऑफसाइड दिसला नाही, मला सुतक दिसलं नाही.

टीम खाली गेली. खेळाडू आमच्या स्टँडसमोर रांगेत आले आणि कमरेत वाकले.

आमच्यातलं कुणीही उठून गेलं नाही. उलट गाणं आणखी जोरात सुरू झालं. रडत होते आणि गात होते.

मला तो आवाज हवा होता हो. मंदार गेल्यापासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते, त्याने जीव घुसमटला होता माझा.

म्हणे जपानला जाऊन संस्कार विसरली. सुतक कुणाचं होतं? मंदारचं. मग त्याला काय आवडलं असतं, हे मी ठरवायचं की तुम्ही?

पुण्याला पोचले तेव्हा हॉल माणसांनी भरलेला होता. दादांनी तोंड फिरवलं. आतेसासूबाई मला ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणाल्या, "आली वाटतं मॅच बघून."

मी तशीच उभी राहिले. मान खाली घातली नाही.

अण्णा खुर्चीतून उठले. सावकाश पुढे आले. माझ्या हातातली पेटी घेतली आणि छातीशी धरली.

"काय झालं गं मॅचचं?"

"हरलो, अण्णा. एक-शून्य. अगदी शेवटी गोल खाल्ला."

त्यांनी मान हलवली.

"मॅच झाली की तो मला फोन करून सांगायचा. शनिवारी मी फोनजवळ बसून होतो. म्हटलं, आता कोण सांगणार?"

त्यानंतर त्या घरात मला कुणी काही बोललं नाही. बाहेरचे अजून बोलतात. बोलू देत. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करेन.

मंदार, तुझ्या आठवणीला भरल्या मनाने नमस्कार.