भोईर सर आणि न आलेला गुलाबी रंग

आमच्या गल्लीत ज्यांना 'बिल्डिंग पाडणारे मास्तर' म्हणायचे, ते भोईर सर आज सकाळी गेले.

वय झालं होतं. झोपेतच गेले.

सर भिवंडीत आम्हाला सायन्स शिकवायचे आणि आमच्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहायचे. त्यामुळे मार्क कमी पडले की आईला जिन्यातच रिझल्ट मिळायचा.

त्यांचा आवडता धडा चुनखडीचा.

चुनखडी भाजली की कळीचा चुना. त्यात पाणी ओतलं की विरलेला चुना. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड खातो आणि पुन्हा चुनखडी होतो.

"अणू कुठं जात न्हाय रे," सर म्हणायचे. "नुसता बिऱ्हाड बदलतो."

मी कॉलेजला होते तेव्हा बिल्डिंगला तडे दिसायला लागले. तळमजल्यावर हनीफचाचांचे कापडाचे लूम. ते सुरू झाले की आमच्या मांडणीवरचे पेले वाजायचे.

दर दिवाळीआधी तड्यांत सिमेंट भरायचं, वरून रंग मारायचा. झालं काम. सगळ्यांची हीच पद्धत.

एका रविवारी सरांनी छन्नी-हातोडीने जिन्याखालचा खांब थोडा फोडला आणि शाळेच्या लॅबमधल्या बाटलीतलं फिनॉल्फ्थॅलीन ड्रॉपरने त्यावर टाकलं.

दिवाळीआधी भरलेलं नवं सिमेंट एकदम गुलाबी झालं.

आतला जुना खांब होता तसाच राहिला.

आम्ही सगळे खूश! खांबाला काही झालं नाही, म्हणजे खांब पास. वरचं सिमेंट तेवढं खराब, ते काढून टाकू.

सरांनी कपाळाला हात लावला.

"अरे, उलट हाय! गुलाबी म्हणजे सिमेंटातला चुना अजून जिवंत हाय. तो हाय तोवर आतलं लोखंड गंजत न्हाय. या खांबातला चुना हवा खाऊन कधीच चुनखडी झालाय."

हनीफचाचा म्हणाले, "मास्टर, अंदर लोहा है लोहा. कुछ नहीं होता."

"चाचा, लोहा ही तो सड रहा है."

इंजिनिअर आणला. त्यानेही तेच सांगितलं.

तरी कोणी हललं नाही. सगळे पागडीचे भाडेकरू. ताबा सोडला की हक्क गेला, ही भीती जास्त मोठी होती.

मग सर स्वतःच आधी निघाले. कशेळीत भाड्याने खोली घेतली. मास्तर स्वतः जातायत म्हटल्यावर बाकीचेही एकेक करून हलले. वरची घरं रिकामी झाली तसे चाचांनीही लूम हलवले.

राहिली माझी आई. बाबा नव्हते. ते घर हाच तिचा आधार.

"तुमच्या त्या बाटलीपायी मी घर सोडू? मी न्हाय हालायची."

सर कितीदा आले, समजावून गेले. शेवटी एका सकाळी टेम्पोच घेऊन आले. वाद घातला नाही.

"वहिनी, तुम्ही नका येऊ. देव तेवढे नेतो. त्यांना कशाला स्लॅबखाली ठेवायचं?"

आणि देव्हारा मांडीवर घेऊन टेम्पोत बसले. आमच्यासाठी बघून ठेवलेल्या खोलीवर नेऊन ठेवला.

दिवेलागणीला देवापुढे दिवा नाही, हे आईला कसं चालणार? सरांच्या नावाने बोटं मोडत निघाली. केमिस्ट्रीने जे झालं नाही, ते देव्हाऱ्याने केलं.

पुढच्या पावसाळ्यात, भर दुपारी, जिन्याकडची बाजू खाली आली. आमची बाजू. आई रोज जेवून जिथे आडवी व्हायची, ती खोली.

कोणी मेलं नाही. म्हणून बातमीही आली नाही.

नवी बिल्डिंग काही झाली नाही. प्लॉट कोर्टात अडकला. सर शेवटपर्यंत भाड्याच्या खोलीतच राहिले. लोक मात्र म्हणत राहिले, मास्तरने बिल्डिंग पाडली. मला याचा राग येतो. आजही येतो.

आई तर त्यानंतर सरांशी बोललीच नाही. विषय काढला की म्हणायची, "घर तर गेलंच ना?"

आज फोन आला तेव्हा ती भाजी निवडत होती. ताट बाजूला ठेवून म्हणाली, "मला ने."

गोडाऊनला आलेल्या ट्रेलरच्या गर्दीतून वाट काढत कशेळीला पोचलो.

सरांच्या पायाशी जाऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला. हात जोडले.

"मास्तर," ती म्हणाली, "मी हाय अजून."

सर, तुम्ही बाहेर काढलेल्या सगळ्या बिऱ्हाडांचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.