कासुर्डीच्या गाळ्याचं सील

खुटबावचे शंकरराव म्हणजे अर्ध्या दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांचे डॉक्टर. उसाच्या चरकाचा रूळ झिजला, गिअरचा दात मोडला, की माणसं ट्रॉलीत लोखंड टाकून कासुर्डीला, हायवेवरच्या त्यांच्या गाळ्यावर यायची. साखर कारखान्याच्या वर्कशॉपात टर्नर म्हणून त्यांनी उमेदीची वर्षं घालवली, मग नोकरी सोडून लोखंड कातायचं मशीन, स्वतःचा लेथ, घेतला. तोही भागीत. भागीदार न्हावऱ्याचा विश्वजीत, वयानं मुलासारखा. गाळा त्याचा, हुन्नर शंकररावांचा, मशीन दोघांचं.

बौद्धवाड्यातला माणूस आणि बड्या बागायतदाराचं पोरगं एका मशीनवर, म्हणून लोकांनी आधी नाकं मुरडली. मग ऐन हंगामात त्यांचेच चरक अडले, तेव्हा मुरडलेली नाकं आपसूक सरळ झाली. काही वर्षं झकास चाललं.

तिकडं शिरूर तालुक्यात रांजणगावला एमआयडीसी उभी राहिली आणि विश्वजीतच्या डोक्यात किडा वळवळला. लेथ तिकडं हलवायचा, कंपन्यांची कामं धरायची. शंकरराव म्हणाले, "न्हाई. आपली गिऱ्हाइकं हितं हायत." आता एवढ्यावरून कुणी कोर्टात जातं का? पण एका सकाळी विश्वजीत क्रेनच घेऊन आला, शंकरराव शटरपुढं आडवे झाले, आणि दोघांनीही डोक्यात राख घालून घेतली.

विश्वजीतचे चुलते हौसराव म्हणजे न्हावऱ्यातलं मोठं प्रस्थ. कारखान्याचे डायरेक्टर, पुण्या-मुंबईपर्यंत ओळखी. त्यांनी निरोप धाडला, ओट्यावर या, बसून मिटवू. शंकरराव बायकोला, जाईबाईंना, म्हणाले, "ओट्यावरचा निकाल बसायच्या आदीच ठरल्याला आसतो. कोर्टात म्या आन् त्यो एका बाकड्यावर बसू. बाबासाहेबांनी कायदा कशापायी लिवलाय?"

"कायदा हाय, व्हय," जाईबाई म्हणाल्या. "पर कायद्याला घाई न्हाई, आन् आपल्याला हाय."

ऐकतील तर ते शंकरराव कसले! त्यांनी दावा लावलाच.

दौंडच्या कोर्टानं हुकूम केला, जैसे थे. निकाल लागेपर्यंत मशीन हलवायचं नाही आणि चालवायचंही नाही. बेलिफ सील करायला आला तेव्हा शंकरराव त्याला म्हणाले, "साहेब, मशीनच्या बेडला तेल लावू द्या, न्हायतर गंज धरंल." बेलिफ भला माणूस, थांबला. लेकराला न्हाऊमाखू घालावं तसं त्यांनी त्या लेथला तेल माखलं. मग शटर खाली आलं, कुलूप लागलं, त्यावर फडकं गुंडाळून लाख ओतली. सील सांभाळायची जबाबदारी म्हणून सही शंकररावांचीच घेतली. त्या सहीचा त्यांना वर अभिमान वाटला हो! कोर्टानं आपल्यावर भरवसा टाकला म्हणून.

मग तारखा सुरू झाल्या. साहेब रजेवर, वकील आजारी, पुढची तारीख. शंकरराव साठीला आलेले. लेथवरचा हात म्हणजे काय सायकल चालवणं नव्हे, एकदा आली की जन्माची. तो रोज चालला तर चालतो. गाळा उघडेपर्यंत हातात कसब राहील का, ही एकच काळजी त्यांना पोखरत होती. गुऱ्हाळवाले हळूहळू चौफुल्याकडच्या दुसऱ्या वर्कशॉपात जायला लागले.

अशात त्यांचे वकील आनंदराव बातमी घेऊन आले. धंद्याच्या किचकट तंट्यांसाठी सरकार पुण्यात खास कोर्ट काढतंय. भागीदारी, कंपन्या, करारमदार, एवढंच तिथं चालणार. जज्जही धंदा कळणारा. "इथं वाटणीच्या आणि बांधाच्या गर्दीत तुमचं कोण ऐकतंय? तिथं सहा महिन्यांत निकाल."

शंकररावांचा जीव सुपाएवढा झाला. बदलीच्या अर्जावर त्यांनी स्वतः, हौसेनं सही केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. पण त्यांना तरी का हसायचं? तहानलेल्या माणसानं कुणाला नवी विहीर खणताना पाहिलं तर तो तिकडंच धावणार.

दौंडचं दप्तर पुण्याला गेलं. पुण्यात कोर्ट कुठं होतं? एका जुन्या इमारतीत खोली ठरली होती. आधी जज्ज नेमले नव्हते, नेमले तेव्हा फर्निचर नव्हतं, फर्निचर आलं तेव्हा जज्जांची बदली झाली. शंकरराव यवतहून एसटीनं जायचे, बंद दार बघायचे आणि परत यायचे.

आणि गंमत बघा. याच काळात विश्वजीत निवळला. रांजणगावचं काम दुसऱ्यांनी कधीच उचललं होतं. एके दिवशी तो मोटारसायकलवरून खुटबावला आला आणि दारातच म्हणाला, "आप्पा, चुकलं माझं. लेथ कासुर्डीतच ऱ्हाऊ द्या." जाईबाईंनी चहा ठेवला. शंकररावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दोघांनी स्टॅम्पपेपरवर तडजोड लिहिली. भांडण संपलं.

भांडण संपलं, पण सील तसंच. दौंडचा शिरस्तेदार म्हणाला, "तुमचं प्रकरण आमच्याकडं नाही, आम्ही हुकूम कसा करणार?" पुण्याचा शिपाई म्हणाला, "कोर्ट सुरू झालं की या." दोन माणसं गळ्यात गळे घालून, मिटलंय हो मिटलंय, म्हणत हिंडत होती, आणि ते ऐकून घ्यायला सबंध राज्यात कोर्ट नव्हतं.

"आप्पा, फोडू का कुलूप?" विश्वजीतनं विचारलं. शंकररावांनी मान हलवली. "सही माझी हाय. आतमदी मला टाकतील." हे खरंच होतं. पण त्याहून खरं हे की कोर्टाचं कुलूप फोडायची कल्पनाच त्यांना सोसत नव्हती.

पावसाळे गेले. गाळ्याचा पत्रा एका कोपऱ्यात सडला. शटरच्या फटीला डोळा लावून शंकररावांनी आत पाहिलं, तर लेथच्या बेडवर गंजाचा तांबूस पापुद्रा. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

अखेर खास कोर्ट उघडलं. जज्ज बाई होत्या, मऊ बोलणाऱ्या. सगळे कागद वाचून म्हणाल्या, "शंकरराव, तुमची तडजोड चांगली आहे. पण नव्या नियमाप्रमाणे मोठ्या रकमेचेच दावे या कोर्टात चालतात. तुमच्या दाव्याची किंमत त्यात बसत नाही. मी हुकूम केला तर तो कायद्यानं टिकणार नाही. प्रकरण दौंडला परत पाठवते."

"बाईसाहेब, नुस्तं कुलूप तेवढं—"

"मला अधिकारच नाही हो." त्यांचाही चेहरा पडला होता. रागवावं तर कुणावर?

दौंडला जुना नंबर कटला होता. दप्तर येईल, नवा नंबर पडेल, मग बघू, असं शिरस्तेदारानं सांगितलं. तिथल्या जज्जांची जागाही तेव्हा रिकामीच होती.

दुसऱ्या दिवशी शंकररावांनी धुतलेला सदरा घातला. जाईबाईंनी विचारलं, "कुठं?" विश्वजीतच्या मागं बसून ते न्हावऱ्याला गेले. हौसराव आता थकले होते, खाटेवर पडून होते. ते उठून बसले, शंकररावांना खुर्ची द्यायला सांगितली. शंकरराव बसले.

"आबा," ते म्हणाले, "तुमची वर वळख हाय. एक शब्द टाका. तेवढं दप्तर हलू द्या. माझा हात गेला तर सील निघून तरी काय उपेग?"

हौसरावांना टोमणा मारायची संधी होती, पण त्यांनी मारला नाही.

"शंकरराव, पुतण्यापायी म्या दोनदा मुंबईला जाऊन आलोय," ते म्हणाले. "कुणाला धरावं त्येच कळंना. माणूसच न्हाई तितं, शब्द टाकू कुणाम्होरं?"

शंकरराव उठले. उभ्या हयातीत पहिल्यांदा त्यांनी कुणाकडं वशिला मागितला होता, आणि तोसुद्धा लागला नाही.