सतरा नंबरचा कागद

आमच्या बोईसरच्या चाळीत कुणाच्याही स्वयंपाकघरात जा, डब्यांखाली हिरव्या पट्ट्यांचा, कडेला भोकं असलेला कागद दिसेल. तो शेजारच्या कमलाकांतभावोजींच्या कारखान्यातला, कॉम्प्युटरचा.

भावोजी मूळचे उमरोळीचे, रंगाच्या कारखान्यात गोदाम सांभाळायचे. नव्वद साली तिथे कॉम्प्युटर आला. कुणी हात लावेना, म्हणून हे बसले आणि चुकतमाकत शिकले. शिकले ते वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर नंबर घालून लिहून ठेवायचे. रोज लागणारे दहाबारा हुकूम एका फाइलीत बांधून तिला 'झाडू', 'उठव' असलं नाव द्यायचे. नाव टाइप केलं की मशीन एकेक हुकूम पाळत सुटे.

"इंदू, तुझ्या नवऱ्याला 'भांडी' नावाची फाइल बनवायला सांग," मी त्यांच्या बायकोला म्हणायची.

कागद मी सगळे वाचलेत. अर्थात न विचारता. 'इथे घाई केली होती. रडायची पाळी आली.' इतकं जीव ओतून माणूस बायकोलाही लिहीत नाही.

ब्याण्णवच्या मे महिन्यात, भर दुपारी दोनला, भावोजी सायकल टाकून घरात शिरले. मशीनची डिस्क मेली होती. साडेचार हजार जिनसांची यादी, कुठला ड्रम कुठल्या रॅकवर, सगळी गेली. नवी डिस्क बसवून झाली होती, चौदा फ्लॉप्यांवर नक्कलही होती. पण ती परत चढवायचे हुकूम 'उठव' फाइलीत, आणि 'उठव' त्याच मेलेल्या डिस्कवर! साहेबांनी बजावलं होतं, चारपर्यंत यादी दिसली नाही तर उद्यापासून पुन्हा पूर्वीसारखी हाताने कार्डं लिहायची आणि कमलाकांत परत गोदामात.

"इंदू, 'उठव'चे हुकूम लिहिलेला सतरा नंबरचा कागद कुठं हाय?"

"ते गठ्ठे? रद्दी म्हणून वाटले मी चाळभर!"

मग काय, भावोजी घरोघर फळ्या उपसायला लागले आणि मी मागे मागे. गोजराबाईंकडे नऊ नंबर निघाला, भागीकडे बारा.

"भावोजी, तूरडाळीखाली बघा, तिथे मोठं ज्ञान असतं!"

"वहिनी, मस्करी नको. खुर्ची जाईल माझी."

त्यांचा आवाज ऐकला आणि मीही डबे उचलून बघायला लागले. तेवढ्यात आठवलं, माझ्या मिठाच्या बरणीखालचा!

सतराच होता. पण मिठाला पाणी सुटून मधल्या दोन ओळींची शाई पसरलेली. भावोजी कागद उजेडाकडे धरून डोळे ताणायला लागले.

"त्यात ते पाचव्या फ्लॉपीचं होतं ना?" मी म्हटलं. "'पाचवी दोनदा मागेल. घाबरू नये. तीच काढून परत घालावी, सहावी घालू नये.'"

"तुमाला कसं ठाऊक?"

"त्यावरून तर इंदूला महिनाभर चिडवलं मी. म्हटलं, तुझ्या सासूसारखंच हाय हे, एकदा दिलेलं पुन्हा मागतं."

भावोजी हसले का रडले, सांगता येणार नाही. कागद छातीशी धरून सायकलवर बसले. चारला दहा कमी असताना यादी पडद्यावर आली, असं संध्याकाळी इंदू सांगत आली, हातात साखरेची वाटी घेऊन.

पुढच्या रविवारी भावोजींनी सतरा नंबरच्या नऊ प्रती काढल्या, बॉलपेनाने, आणि घरटी एक वाटली. "डब्याखाली घाला, पण फेकू नका. एका घरातली गेली तर दुसरीकडं राहील."

माझ्या प्रतीत मात्र तळाला एक ओळ जास्त आहे: 'अडल्यास राहीवहिनींना विचारावे.'

ती तेवढी मी मिठाखाली घातलेली नाही.