टेबल कोणी फिरवलं

नाटक बसवणाऱ्या सरांनी मला फसवलं. जागा ठरली होती, ती दिली नाही.

मांजरसुंब्याच्या फाट्यावर माझं लाकडाचं दुकान आहे, कुणाच्या आधाराशिवाय उभं केलेलं. बोली पक्की झाल्याशिवाय मी कुणाला फळीला हात लावू देत नाही. सर हायस्कुलात मराठी शिकवतात. तालुक्याच्या स्पर्धेत नाटक करायचं म्हणून स्टेजला फळ्या मागायला आले. मी म्हणालो, फळ्या न्या, पण मला नाटकात काम पाहिजे. पाटलाचं काम मिळालं. मग जागेची बोलणी सुरू झाली.

सरांनी दुकानाच्या फरशीवर खडूनं नऊ चौकोन काढले. पुढची रांग डाउन स्टेज, प्रेक्षकांजवळची. मागची अप स्टेज. डावं-उजवं नटाच्या हातानं मोजायचं, बघणाऱ्याच्या नाही.

"शेवटच्या भाषणाला तुम्ही डाउन लेफ्टला," सर म्हणाले.

"कोपरा कावून देता, सर? मधला द्या."

"मधला फार जड असतो, शेठ."

"मी सागाचे ओंडके उचलतो."

सर हसले आणि मधल्या चौकोनात त्यांनी माझं नाव लिहिलं. सर स्वतः म्हाताऱ्या गड्याच्या कामात, माझ्यासमोर खाली बसलेले, प्रेक्षकांकडं पाठ करून. मी त्यांच्याकडं बघून बोलायचं. "नजर हलली की भाषण मेलं," असं त्यांनी महिनाभर घोकून घेतलं.

हे सगळं मी आक्कासाठी मागितलं होतं. माझ्या थोरल्या बहिणीनंच मला वाढवलं. शाळेच्या गॅदरिंगला मी फक्त पडदा ओढायचो, तेव्हा तिला मी कधी दिसलोच नाही. तिला तिच्या गावाहून, कड्याहून बोलावलं आणि सांगितलं, परीक्षकांच्या टेबलाशेजारी बस, मी तुझ्यासमोरच असेन.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी मैदानावर गेलो तर स्टेज नव्हतंच. माझ्या फळ्या विटांवर ठेवून गोल बाकं केली होती.

"आज रिंगणात खेळू," सर म्हणाले. "स्टेजची कमान आणि पडदा इंग्रजांच्या काळात आला, शेठ. त्याआधी भारूड, गोंधळ, सगळं असंच. लोक भोवती. रिंगणात पुढं-मागं नसतं."

एवढा इतिहास ऐकून मी हो म्हणालो, ही माझी चूक. आम्ही दोघं तालमीतल्याच जागी राहणार, असं ते म्हणाले. परीक्षकांचं टेबल सरांच्या जागेमागंच होतं, ते बघून मी मिशा लावायला गेलो.

भाषण सुरू झालं. सर समोर बसलेले, मी त्यांच्या डोळ्यांत बघतोय, आणि त्यांच्या पाठीमागं टेबल नाही. टेबल माझ्या पाठीमागं होतं. तिथंच आक्का. वळावं वाटलं, पण नजर हलली की भाषण मेलं. सर रडत होते, अगदी परीक्षकांच्या तोंडासमोर.

अभिनयाचं बक्षीस सरांना मिळालं. एक शब्द न बोलता.

आक्का म्हणाली, "आवाज तुजाच होता रं. तोंड तेवढं न्हाई दिसलं."

बसस्टँडवर तिला सोडलं, तेव्हा ती खिडकीतून हात हलवत होती आणि मला तिच्याकडं बघवेना.

आता सर रस्त्यात भेटले की "काय पाटील?" म्हणतात. सर, मला पाटील नका म्हणू. पुढच्या तालमीला सगळ्या नटांसमोर उभं राहून सांगा, मी मिशा लावत असताना ते टेबल कोणी उचलायला लावलं. आणि मग कड्याला जाऊन तेच आक्काला सांगा.