उषावहिनींचे ओट्यापर्यंतचे कपाट

१९ जून २०२३, सोमवार. दिलीप मिस्त्रीने कागदावर लिहून दिलेला आकडा अठ्ठावीस हजार चारशे साठ रुपये. एका कपाटासाठी रक्कम मोठी होती, पण हे कपाट भिंतीवर अधांतरी राहणारे नव्हते. वरपासून थेट ओट्यावर येऊन टेकणारे होते, आणि उषावहिनी उज्जैनमध्ये राहणार की बेंगळुरूला जाणार, हे त्याच्यावर ठरणार होते.

उषावहिनी माझ्या चुलतभावाची पत्नी. वय अडुसष्ट, उंची चार फूट नऊ इंच, माहेर देवासचे. भाऊ वीज मंडळात होते, त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. तेव्हापासून वहिनी माधव नगरच्या घरात एकट्या राहतात, असे म्हणायचे. उज्जैनला राहणाऱ्याला नातेवाईक कमी पडत नाहीत. नागपूर, सांगली, कुठूनही महाकालाच्या दर्शनाला आलेला माणूस 'सहज' त्यांच्याकडे डोकावतो आणि जेवून निघतो. वहिनींना तेच हवे असते.

मे महिन्यात वरच्या कपाटातून रव्याचा डबा काढताना त्या स्टुलावरून पडल्या. हाड शाबूत राहिले, पण बेंगळुरूहून मुलाचा, रुचिरचा, फोन आला. "आई, एक तर ते चढणं बंद कर, नाहीतर इकडे ये. महालक्ष्म्यांना येईन तेव्हा मी स्वतः बघेन आणि ठरवेन."

आम्ही आधी फ्रीगंजमधल्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "आंटीजी, प्लेटफार्म से दो फुट ऊपर, यही चलता है. नीचे तक कोई नहीं बनवाता."

"तो हम कोई नहीं हैं क्या?" वहिनी म्हणाल्या आणि पर्स उचलून बाहेर पडल्या.

दिलीपने मात्र हो म्हटले. "बन जाएगा भिया. पर प्लेटफार्म की दो फुट जगह खा जाएगा. दायाँ कोना कि बायाँ, वो आप बता दो."

छत्तीस वर्षे सहकारी बँकेत काढलेल्या माणसाला असा प्रश्न सोपवला की तो खूश होतो. मी टेप आणि वही घेऊन दोन दिवस वहिनींच्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसलो. त्यांनी कणीक मळली, भाजी परतली, पुरण घोटून दाखवले. मी मोजत गेलो. कणीक मळताना उजवे कोपर वीस इंच बाहेर जाते. डावा हात नुसती परातीची कड धरतो, त्याला नऊ इंच पुरतात. गॅसच्या उजवीकडे पाण्याचे फिल्टर होते, त्यामुळे परात डावीकडेच. निष्कर्ष सरळ होता: कपाट डाव्या कोपऱ्यात, परातीला खेटून.

"बघा हं भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, आकडे बोलतायत."

"बोलू देत बापडे."

जुलैच्या मध्यावर कपाट बसले. रवा, साखर, चहा हाताशी आले. मिक्सर ओट्यावरच, पण दाराआड. शेजारच्या रजनीताई मुद्दाम बघून गेल्या. मी पेढे आणले.

तीन आठवड्यांनी रुचिरने व्हिडिओवर आईचे डावे कोपर पाहिले. काळेनिळे झाले होते. पुन्हा पडली, असेच त्याने धरले. महालक्ष्म्या झाल्या की परतीची दोन तिकिटे काढतो म्हणाला. वहिनींनी मला बोलावले.

"पडले नाही हो. तुमच्या कपाटावर आपटतं ते."

"पण डावा हात तर कड धरतो."

"मी डावखुरी आहे, भाऊजी."

मी वही मिटली.

लग्न होऊन आल्यावर पहिल्याच दिवशी सासूबाईंनी, म्हणजे माझ्या काकूंनी, सांगितले होते, डाव्या हाताची कणीक देवाला चालत नाही. तेव्हापासून सासरचे माणूस घरात असले की वहिनी उजव्या हाताने काम करत आल्या. दोन दिवस मी समोर बसलो होतो. मी सासरचा माणूस.

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"दिरासमोर डावा हात कसा चालवायचा? इतक्या वर्षांची सवय. आणि एक सांगू? तुम्ही आमच्याकडे खाल्लेल्या सगळ्या पोळ्या उजव्या हाताच्या."

"म्हणून...?"

"म्हणून कडक. ह्यांना ठाऊक होतं. म्हणायचे, पाहुणे गेले की दोन पोळ्या माझ्यासाठी कर."

पाहुण्यांत मीही आलो, हे मला तेव्हा कळले.

दिलीप आला, हसला. "भिया, नाप तो एकदम सही था, हाथ गलत था." त्याने एका दिवसात फिल्टर हलवून कपाट उजव्या कोपऱ्यात नेले. डावीकडचे दोन फूट मोकळे झाले. मी पुन्हा मोजले नाही, वहिनींनी स्वतः कोपर फिरवून पाहिले.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी रुचिर आला होता, रजनीताई होत्या, मी सपत्नीक होतो, शिवाय गावोगावचे नातेवाईक. नैवेद्याच्या पुरणपोळ्यांची कणीक वहिनींनी सगळ्यांसमोर डाव्या हाताने मळली. माझ्या पत्नीने माझ्याकडे पाहिले. वहिनी म्हणाल्या, "देवीला चालत नसेल तर ती सांगेल. तुम्ही पानं घ्या."

रुचिर दारात उभा राहून बघत होता. आईने दीड तासात न चढता, न वाकता, कुणाला हाक न मारता अठरा जणांच्या पुरणपोळ्या पुऱ्या केल्या. त्याने चार पुरणपोळ्या खाल्ल्या. मी पाच. मग हात धुऊन त्याने मोबाईल काढला आणि आईचे तिकीट रद्द केले.

"पैसे कापले असतील रे," वहिनी म्हणाल्या.

"कापू दे."

कपाट हलवण्याचे दिलीपने साडेआठशे घेतले. माप माझे होते, म्हणून ते मी देणार असे ठरले. सहाशे दिले. दिलीपचे अडीचशे रुपये अजून माझ्याकडे बाकी आहेत.