काकूंचं चुकीचं विमान

"चुकलं तर चुकलं, कोणी फाशी देऊन राहिलं का?"

हे वाक्य काकू दिवसातून दहा वेळा म्हणायच्या, आणि म्हणताना हातातला चिमटा असा हवेत उगारायच्या की समोरच्यानेच मागे सरकावं. चिमट्यात बहुतेक वेळा विमानाचं एखादं चाक असायचं, मसुराच्या डाळीएवढं. ते पडलं की काकू, मी आणि कामवाली दीदी अशा तिघी जणी गुडघ्यावर बसून सतरंजी चाचपायचो. काका खुर्चीतून बघत राहायचे. बोलायचे नाहीत.

मी फिजिओथेरपिस्ट. समता कॉलोनीत माझं छोटंसं क्लिनिक आहे, आणि ज्यांना तिथवर येणं जमत नाही त्यांच्या घरी मी स्कूटीने जाते. लोक मला डॉक्टर म्हणतात. मीही 'नाही' म्हणत नाही, उगाच कशाला कोणाचं मन मोडा. पुरानी बस्तीतल्या या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा काकांना झटका येऊन दोन महिने झाले होते. उजवा हात, उजवा पाय लुळा आणि वाचा बंद.

मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं असं, की वाचा गेलेली नाही, अडकली आहे. रोज प्रयत्न केला तर येईल, पण पहिल्या काही महिन्यांतच, नंतर अवघड. आणि काका प्रयत्नच करत नव्हते. बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम आल्या, त्यांनी 'अ, आ' म्हणा म्हटलं, काकांनी डोळे मिटले. तीन खेपांनंतर मॅडम म्हणाल्या, "मेरे बस का नहीं है," आणि गेल्या त्या गेल्याच.

माझ्याही रबरी चेंडूची तीच गत. "काका, दाबा," म्हटलं की काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे. खोटं कशाला सांगू, मला रागच यायचा. अहो, मी भर उन्हात येते, स्कूटी गल्लीच्या तोंडाशी लावून चालत येते, आणि या माणसाला चार बोटं दाबायचा कंटाळा!

आता काकूंबद्दल सांगते. काकू रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये ट्रेसर होत्या. म्हणजे इंजिनिअर पेन्सिलने नकाशे काढायचे, आणि काकू त्यावर ट्रेसिंगचं कापड घालून शाईने हुबेहूब उतरवायच्या. पूल, पाण्याच्या टाक्या, सिग्नल. नोकरीभरात त्यांच्या एकाही रेघेवर साहेबाने लाल खूण केली नाही, असं त्या सांगायच्या आणि वर पुरवणी जोडायच्या, "चूक सोधली नाही असं नाही वो, भेटलीच नाही."

काका हवाई दलात होते. पायलट नव्हे, विमानाचा सांगाडा दुरुस्त करणारे मिस्त्री. नॅट नावाच्या छोट्या लढाऊ विमानांवर त्यांनी उमेदीची वर्षं घातली. पुढे सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात मेंटेनन्सला लागले. हवाई दल सोडताना त्यांनी त्याच विमानाचा प्लास्टिकचा संच विकत घेतला होता. डब्यात सगळे सुटे भाग, ते कापून, चिकटवून, रंगवून तळहाताएवढं विमान बनवायचं. तो डबा लोखंडी कपाटावर तीसेक वर्षं पडून होता. "रिटायर झालो की बनवतो," असं काका म्हणायचे. रिटायर झाले आणि मग म्हणायला लागले, "थंडी पडू दे, मग बनवतो."

एक दिवस मी गेले तर काकूंनी तो डबा काकांच्या खुर्चीसमोर टेबलावर उघडून ठेवला होता. आतली सूचनांची पानं पिवळी पडलेली, पहिलं पान तर कसरीने अर्धं खाल्लेलं. चिकटवायची ट्यूब दगड झालेली. ती बघून काकूंनी मला फर्मान सोडलं, "पोरी, त्या मोबाईलवरून प्लास्टिकचा खरा गोंद मागव. आन तोवर काय करू? तोवर शाळेचा पांढरा डिंक चालवतो."

इथून पुढे जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून सांगते.

पहिल्या दिवशी काकूंनी चण्याएवढा पायलट त्याच्या सीटसकट उलटा बसवला. तोंड शेपटीकडे. मला विमानातलं ओ की ठो कळत नाही, पण एवढं मलाही कळलं.

"काकू, तो मागे बघतो आहे."

"मग? दुश्मन मागून आला तर दिसाले नको?" असं म्हणून त्यांनी विमान काकांच्या नाकासमोर धरलं. "बरोबर आहे ना हो?"

काकांच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली. पण तोंडातून शब्द नाही.

दुसऱ्या खेपेला पंख. नॅटचे पंख किंचित खाली झुकलेले असतात, हे मला पुढे कळलं. काकूंनी डावा उजवीकडे लावला, उजवा डावीकडे, तेही पालथे. पंख वर उचलले गेले आणि ते लढाऊ विमान 'हात वर करा' म्हटल्यासारखं शरण आलेलं दिसायला लागलं. काकांनी डाव्या हाताने टेबलावर थाप मारली. काकू म्हणाल्या, "पाह्य पोरी, यायले आवडलं!"

तिसऱ्या खेपेला विमान पोपटी होतं. अगदी पोपटी! गल्लीतल्या बाया बघायला यायला लागल्या. शेजारच्या भाभीने दारातूनच इथल्या बोलीत विचारलं, "ये ह उड़ही का, काकी?"

"हव, उड़ही. पहिली तैं बइठबे," म्हणजे उडेल, पण पहिली तूच बसायचं, असं म्हणून काकूंनी तिला जागच्या जागी गार केलं.

मला मात्र काकांची दया यायला लागली. ज्याने आयुष्य या विमानावर घातलं, त्याच्या समोर असा तमाशा! शेवटी एक दिवस माझं डोकं फिरलं. काकू स्वयंपाकघरात गेल्या, तशी मीही मागोमाग गेले. म्हटलं आज स्पष्टच बोलायचं.

आणि बघते तर काय? काकू सिंकपाशी उभ्या, ओलं फडकं हातात. पंख केव्हाच सुटे होऊन बशीत पडलेले, पोपटी रंग पाण्याबरोबर वाहून चाललेला. ओट्यावर, डब्यांच्या मागे, त्यांनी सूचनांची सगळी पानं मोठी करून काळ्या शाईने उतरवून ठेवली होती. प्रत्येक भाग, प्रत्येक नंबर, बारीक रेघा. छापल्यासारखं. फक्त पहिल्या पानाच्या खाल्लेल्या भागाची जागा त्यांनी कोरी सोडली होती, कारण नसलेली रेघ काढणं त्यांच्या धर्मात नव्हतं.

"काकू! हे काय?"

"हळू बोल ना, येडी!" त्यांनी दार लोटलं. "पांढऱ्या डिंकानं प्लास्टिक पक्कं होत नाही. पाणी लावलं का सुटते. रंग शाळेच्या पोट्ट्यायचा आहे, तोही निघते. यायचं विमान मी खराब करीन का?"

"मग मुद्दाम चुकीचं कशाला लावता?"

"अवं, पन्नास रुपयाचा नळ बसवला आन वाकडा दिसला तर हे दोन दिवस बोलत होते. चूक पाहवतच नाही यायले. प्रेमानं बोलले नाहीत, औषधानं बोलले नाहीत. म्हटलं, रागानं तरी बोलतील." मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "पण चुकीचं लावाले लय त्रास होते वो. सवय नाही ना."

शिकून आलेली मी, आणि उपचार काकूंचा! कारण हेही सांगायला हवं, की त्या पोपटी विमानाकडे बोट दाखवताना काकांनी त्या आठवड्यात उजवा हात दोनदा उचलला होता. ते श्रेय मी क्लिनिकच्या कागदावर माझ्याच नावाने लिहिलं. माणूस आहे मी.

त्या दिवसापासून मीही कटात सामील. "वा काकू, शेपूट नाकाला काय शोभते!" असं मीही म्हणायला लागले. काकू रोज सकाळचं आटोपून काकांच्या शेजारी पाट घेऊन बसायच्या, दोन-तीन तास बसायच्या, आणि रोज नवीन चूक करून दाखवायच्या. चाकं पाठीवर लावली. शेपूट आडवी लावली. काका लाल व्हायचे, थापा मारायचे, एकदा तर चिमटाच भिरकावला. पण शब्द? एक नाही.

महिना उलटला. एका सकाळी मी गेले तर काकू नुसत्या बसलेल्या होत्या. चिमटा टेबलावर, चष्मा कपाळावर.

"नाही बोलत पोरी," त्या म्हणाल्या. काका ऐकत होते, तरी आज आवाज दाबला नाही. "माह्या अकलेचा दिवा विझला. जाऊ दे. हे नाही बोलले तर नाही. आता यायचं विमान नीट बनवून समोर ठेवते, तेवढं तरी पाहतील."

काकूंना हरलेलं मी पाहिलंच नव्हतं.

मी मागवलेली खऱ्या गोंदाची बाटली केव्हाची आलेली होती, ती त्यांनी पहिल्यांदा उघडली. खोलीभर झणझणीत वास पसरला. विमानाचं धड दोन भागांत असतं, डावं आणि उजवं. पायलट आता पुढे बघत होता. काकूंनी दोन्ही कडांवर ब्रशने गोंद लावला, अगदी रेघ ओढल्यासारखा. दोन्ही भाग जुळवले. दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरले. हे आता पक्कं होणार होतं, कायमचं.

"व..." असा आवाज आला.

मला वाटलं गल्लीतून कोणी हाक मारली.

"व... वजन!"

काका खुर्चीत पुढे वाकले होते. मान थरथरत होती, ओठ वाकडे झाले होते, आणि नजर त्या धडावर.

"नाकात," ते म्हणाले. "नाकात... वजन... टाक ना, येडे!"

मी किंचाळलेच. काकू नाही किंचाळल्या. त्यांनी गोंद सुकायच्या आत झटकन दोन्ही भाग वेगळे केले आणि अगदी ऑफिसातल्या आवाजात विचारलं, "किती?"

"सायकलचे... छर्रे. आठ."

भानगड अशी होती. या विमानाची चाकं अशा जागी असतात, की नाकाच्या आत वजन भरलं नाही तर तयार विमान शेपटीवर बसतं, नाक आभाळाकडे. वजन आधीच भरावं लागतं, धड चिकटलं की मग काही करता येत नाही. ती सूचना पहिल्याच पानावर होती, नेमकी कसरीने खाल्लेल्या कोपऱ्यात. महिनाभर मुद्दाम चुका करणाऱ्या काकूंकडून जन्मातली पहिली खरी चूक होणार होती, आणि ती फक्त काकांना ठाऊक होती.

काकूंनी काकांच्या अवजारांच्या पेटीतून छर्रे, म्हणजे बेअरिंगमधल्या लोखंडी गोळ्या, आणले, मोजून आठ. मेणात घोळून नाकात बसवले. धड चिकटवलं. रबर बँड लावले. "मी चहा ठेवते," म्हणाल्या आणि आत गेल्या. नंतर नळ सुटल्याचा आवाज आला. बराच वेळ नळ चालू होता. चहाला एवढं पाणी लागत नाही, हे मला आणि काकांना दोघांनाही कळत होतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि न सांगता रबरी चेंडू उचलला.

मग काय विचारता! काका बोलायला लागले ते थांबेनात. एक शब्द, मग तीन, मग वाक्यं, आणि सगळी वाक्यं हुकमाची. कड घास. कमी घास. तिकडून नको. काकूंनी विमानाला रंग दिलाच नाही. पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद तुकड्या-तुकड्याने चिकटवून, कापसाने घोटून, खऱ्या पत्र्यासारखं अंग चमकवलं. संचातली भिजवून चिकटवायची जुनी चित्रं पाण्यात टाकताच त्यांचा चुरा झाला, तर पंखांवरची तिरंगी वर्तुळं त्यांनी कंपासने हाताने काढली. "पोरी, आता यायचं तोंड बंद व्हायचं औषध असन तर दे," असं मला म्हणायच्या आणि गल्लीभर सांगत फिरायच्या, "चुका करून करून बोलवलं वो मी यायले! डाक्टरायनं हात टेकले होते."

मागच्या थंडीत काकू गेल्या. ताप आला, छातीत उतरला, चार दिवसांत आटोपलं. मी तेव्हा गावाला होते. तेराव्यानंतर भेटायला गेले. काका वॉकर घेऊन स्वतः दारापर्यंत आले. विमान टेबलावर आपल्या तीन चाकांवर उभं होतं. पाट भिंतीला टेकवून ठेवला होता.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "काका, काकूंची युक्ती मात्र जबरदस्त होती. त्या महिनाभरात तुम्हाला पत्ताच लागला नाही."

"मले माहीत होतं," काका म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"पांढऱ्या डिंकाले वास नसते." ते अजूनही अडखळतच बोलतात, एकेक शब्द जागेवर बसवल्यासारखा. "वास आला... तवा समजलं. आज खरं चिकटवून राहिली."

"म्हणजे सगळ्या चुका खोट्या, हे माहीत होतं? मग आधी नाही का प्रयत्न करायचा बोलायचा?"

"येत होतं बोलता. आठ दिवसापासून... थोडं थोडं. ती आत गेली का एकेक शब्द म्हणून पाहात होतो. पंख. शेपूट. चाक."

मला राग यायला हवा होता. आठ दिवस! त्या बाईने काय काय म्हणून केलं नव्हतं त्या आठ दिवसांत! मी तसं म्हणालेसुद्धा, "काका, मग बोलला का नाहीत?"

काकांनी पाटाकडे पाहिलं.

"एकेचाळीस वर्षं संसार केला. नोकरी, सैपाक, पाव्हणे... ती माह्याजवळ कधी इतकी बसलीच नाही वो. बोललो असतो, तर उठून गेली असती."